जावई जावाचा, वीस गुंठे भातखाचर घ्यायचं कुणाच्या नावावर?

दूधगंगाकाठ (ता. कागल)

नमस्कार मंडळी. मी शेतकरी, वय ६३. साडेतीन एकर ऊस, थोडं सोयाबीन, दोन म्हशी. थोरली लेक सिंगापूरला नर्स आहे. गेल्या वर्षी तिनं तिथंच काम करणाऱ्या एका पोराशी लग्न केलं. पोरगा इंडोनेशियाचा, जावा बेटावरचा. क्लातेन म्हणून जिल्हा आहे, त्यातल्या एका वाडीचा. लग्न कसं झालं, जात-धर्म काय, ही चर्चा इथं नको. आमच्या घरात ती वर्षभर झाली आणि आता संपली. पोरगा चांगला आहे. आमच्याकडं आला तेव्हा पाव्हण्यासारखा खुर्चीत बसला नाही, दोन दिवस गुऱ्हाळावर चुलवाणापाशी बसून होता.

प्रश्न असा आहे. आमचे व्याही पण शेतकरीच. त्यांच्या बांधाला लागून एक भातखाचर विकायला निघालंय, २,००० चौरस मीटर. म्हणजे आपले वीस गुंठे धरा. लेक म्हणते, बाबा, निम्मे मी घालते, थोडे तुम्ही घाला, बाकीचं तिकडचे बघतील. पैशाचं एक वेळ जमंल, पण शेत लेकीच्या नावावर लागंल का? तिकडं सातबारा असतो का? व्याह्यांनी एका कागदाचा फोटो पाठवलाय. जावई म्हणतो तो कराचा कागद आहे. त्यावर नाव व्याह्यांच्या शेजाऱ्याच्या आज्याचं. इथंच माझं डोकं जरा ठणकलं.

दुसरं, व्याही म्हणतात वर्षाला तीन पिकं निघतात. इथं दूधगंगेचं पाणी असून मला भाताची दोन जमत नाहीत.

तिसरं, ऑगस्टमध्ये मी आणि आमच्या घरची तीन आठवडे तिकडं जाणार आहे, त्यांच्याच घरी राहायला. भाषा येत नाही. कसं जायचं, कसं राहायचं, काय न्यायचं? कुणी खरंच तिकडं राहिलं असंल तर सांगा. यूट्यूब बघितलंय, त्यात सगळे देवळं नाहीतर ज्वालामुखी दाखवतात.

पंचगंगेचा पूर

काका, वीस गुंठ्यांसाठी समुद्र कशाला ओलांडताय? आमचे शिरोळचे अकरा गुंठे घ्या. २०१९ ला आणि २०२१ ला तेपण बेटच होतं.

सूतगिरणीवाला (इचलकरंजी)

काका, आधी उत्तर देतो, मग गप्पा. २००८ ते २०१७ मी जावातल्या सोलो शहराजवळच्या एका सूतगिरणीत स्पिनिंगला होतो. पहिली दोन वर्षं कंपनीच्या खोल्यांत, पुढची सात क्लातेन जिल्ह्यातच देलांगूजवळच्या एका वाडीत भाड्यानं. वाडीला तिकडं 'दुसुन' म्हणतात आणि गावाला चक्क 'देसा', म्हणजे आपला देश.

लेकीच्या नावावर शेत होणार नाही. ती भारताची नागरिक आहे तोवर तरी नाही. तिकडच्या १९६० च्या जमीन कायद्यात पूर्ण मालकीला 'हाक मिलिक' म्हणतात. आपला हक्क आणि आपली मिल्कियतच ती. ती फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला. परदेशी माणसाला 'हाक पाकाई', वापराचा हक्क, तोही राहत्या घरापुरता. भातखाचराला नाही.

तुम्ही म्हणाल, बरं, जावयाच्या नावावर घेऊ. खड्डा तिथंच आहे. लग्नानंतर नवरा-बायकोपैकी कुणीही काही घेतलं तर ते तिकडं दोघांचं सामाईक धरतात. सामाईक म्हणजे निम्मं परदेशी बायकोचं, आणि परदेशी वाटा असलेली हाक मिलिक वर्षाच्या आत सोडावी लागते. पोरगा स्वतःच्या गावात जन्मला, पण बायको कागलची केली म्हणून त्याला शेत घेता येत नाही! यावर औषध एकच, नोटरीसमोर 'मिळकत वेगवेगळी' असा करार. पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागायचा. २०१६ ला तिकडच्या घटना न्यायालयानं सांगितलं की लग्नानंतर केला तरी चालतो. तेव्हा आधी तो करार, मग खाचराचा विषय. आणि करार झाला की शेत एकट्या जावयाचं. लेकीनं पैसे घातले हे मालकीच्या कागदावर कुठं दिसणार नाही. हे तिला स्वच्छ माहीत पाहिजे, आणि तुम्हालाही.

कुणीतरी सांगंल की दुसऱ्याच्या नावावर घ्या आणि मागनं एक साधा करार लिहून ठेवा. त्या वाटंला जाऊ नका. आमच्या मिलमध्ये तमिळनाडूचा एक जण होता. त्यानं असंच ड्रायव्हरच्या नावावर खाचर घेतलं होतं. ड्रायव्हर माणूस सज्जन, पण तो वारला आणि वारसांना ह्याचं देणंघेणं काही ठाऊक नाही. मागचा करार कायद्यानं मुळातच रद्द, त्यामुळं तक्रार तरी कुठल्या तोंडानं करणार?

आता तुमचा फोटो. तो कराचा कागद म्हणजे आपली घरफाळ्याची पावती. कर भरला एवढंच कळतं, मालकी कळत नाही. खरा कागद म्हणजे भूमी कार्यालयाचं प्रमाणपत्र, हिरव्या कव्हरचं. अलीकडं ते संगणकावरचंही निघायला लागलंय. त्याच्या आधीचं जे असतं ते 'लेटर से', गावाच्या कचेरीतलं जुनं खातेपुस्तक, कोण कुठल्या तुकड्याचा कर भरतो याचं. आज्याचं नाव दिसतंय म्हणजे वारसनोंद झालेली नाही आणि प्रमाणपत्रही बहुधा काढलेलं नाही. २०१७ पासून सरकार गावंच्या गावं मोजून प्रमाणपत्रं देतंय, पण ज्या घरात वारसांचं एकमत नाही तिथं गाडी अडते.

माझ्या घरमालकिणीचीच गोष्ट सांगतो. तिला सगळे इबू म्हणायचे, म्हणजे आई. तिच्या वडलांचं खाचर पाच भावंडांत. जुनी रीत अशी की मुलग्याला 'सेपिकुल', मुलीला 'सेगेंदोंगान'. पिकुल म्हणजे खांद्यावर कावड, दोन्हीकडं ओझं. गेंदोंग म्हणजे पाठीवर पदरात बांधलेलं एक ओझं. मुलग्याला दोन, मुलीला एक. पण पुष्कळ घरांत सरळ सारखं वाटतात, आणि बहिणी आपल्याकडच्यासारख्या हक्कसोड करून चोळी-बांगडीवर जात नाहीत. इबूच्या घरात सगळं तोंडी ठरलं होतं. मग सुमात्राला, लाम्पुंगला गेलेला भाऊ पंचवीस वर्षांनी उगवला. जावातली माणसं सरकारनं तिकडं वसवली होती, त्यातला हा. दोन महिने रोज संध्याकाळी ओसरीवर बैठक. आवाज कुणाचाच चढला नाही. मला वाटायचं, काय प्रेमाची माणसं! नंतर कळलं की ते कडाकडा भांडत होते, फक्त शुद्ध जावानी बोलीत. त्या भाषेत वडीलधाऱ्यांशी बोलायचे शब्दच वेगळे आहेत, त्या शब्दांत माणसाला शिवी देता येत नाही. तुमच्या त्या शेजाऱ्याला भावंडं किती आणि ती कुठं कुठं आहेत, हे पहिलं विचारा.

तीन पिकांचं म्हणाल तर व्याही खोटं बोलत नाहीत. मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याला झरे आहेत, बारमाही, त्यांचं पाणी पाटानं येतं. राखेची जमीन, काळी, भुसभुशीत. देलांगूचा तांदूळ तिकडं आपल्या आजऱ्याच्या घनसाळसारखा नावाजलेला. पण भातावर भात, भातावर भात केलं की तुडतुडा बसतो. २०१०-११ ला मी डोळ्यांनी बघितलंय, जिल्हाभर खाचरं जाळल्यासारखी तांबडी. त्याच्या आधी नोव्हेंबरात मेरापी फुटलेला, वरच्या गावांतली माणसं खाली शाळांमधून राहिलेली. शहाणा शेतकरी दोन भातं घेऊन तिसरं सोयाबीन, मका नाहीतर भुईमूग करतो. तेव्हा हिशेब दोन भातांचाच धरा.

आणि कसणार कोण? जावई सिंगापूरला. शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात राहणारा पाहिजे असा तिकडं १९६१ पासून नियम आहे. कडक पाळत नाहीत, पण आहे. व्याही वाट्यानं करतील. 'मारो' म्हणजे निम्म्यानं, 'मेर्तेलू' म्हणजे तिसऱ्या हिश्श्यानं. ऐकल्यावर मला आपल्या रानातच उभा असल्यासारखं वाटलेलं.

राहण्याचं उद्या लिहितो, ड्युटी आहे.

सातबारा वाचक (करवीर)

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. सूतगिरणीवाल्यांनी छान सांगितलंय. मला एक विचारायचंय. वाचनात आलं होतं की तिकडं सरपंचाला पगाराऐवजी जमीन देतात. खरं आहे का? असेल तर ते आपलं वतनच झालं. कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमायचं काम शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ ला केलं. पाटीलकी जायला मात्र १९६२ चा कायदा यावा लागला.

आणि काका, परदेशी म्हणून चिडू नका. आपल्याकडं मुंबईचा मराठी माणूससुद्धा शेतकरी दाखल्याशिवाय तुमचा ऊस विकत घेऊ शकत नाही. कूळकायद्याचं कलम ६३ बघा.

सूतगिरणीवाला (इचलकरंजी)

खरं आहे साहेब. त्याला 'बेंग्कोक' म्हणतात. गावाच्या मालकीची जमीन, पदावर असेपर्यंत गावप्रमुखानं आणि कारभाऱ्यांनी खायची, पद गेलं की सोडायची. २०१४ च्या ग्राम कायद्यानं ठरावीक पगार आला आणि हिशेब गावाच्या तिजोरीत दाखवायचा झाला, पण बेंग्कोकची खाचरं अजून आहेत, आणि गावातली चांगली पाण्याची तीच. आपल्या वतनाशी फरक एवढाच की ते वारशानं उतरत नाही. म्हणून तर निवडणुकीला लोक जीव टाकतात! काका, घेताय तो तुकडा बेंग्कोक किंवा गावठाणाचा नाही ना, हे गाव कचेरीत एकदा बघून घ्या. आणि त्यावर घर बांधायचं कुणाच्या मनात असंल तर तेही बघा. संरक्षित भातजमीन असंल तर आपल्यासारखं एनए करून प्लॉट पाडता येत नाहीत.

गहाणाचंही विचारा. खाचर गहाण टाकायची लई सवय. पण त्यांचा १९६० चा एक कायदा मला फार आवडतो. गहाण घेणाऱ्यानं सात वर्षं पीक खाल्लं की जमीन फुकट परत द्यायची, पैसे मागायचे नाहीत. आपल्या सावकारांना वाचून दाखवा.

आता राहायचं. पोचल्या दिवशी जावयाला घेऊन 'एर-ते'कडं जा. वाडीतल्या काही घरांचा मिळून एक म्होरक्या असतो, बिनपगारी. पाटी असतेच, पाहुण्यानं २४ तासांत कळवावं. पासपोर्ट दाखवा, चहा प्या. चहा समोर आला तरी घरधनी 'मांग्गा', म्हणजे 'घ्या', म्हणेपर्यंत कपाला हात लावायचा नाही. चहा कोरा, चमेलीच्या वासाचा, आणि गोड इतका की आपल्या लग्नातला फिका वाटंल. कुणाच्या दारावरनं जाताना जरा वाकून 'नुवुन सेवू' म्हणायचं. एवढे दोन शब्द आले की निम्मं गाव तुमचं.

दाराच्या खांबाला एक छोटा डबा टांगलेला दिसंल. मी पहिले आठ दिवस समजत होतो, चिमण्यांसाठी आहे. ती 'जिम्पितान'. रोज रात्री प्रत्येक घरानं त्यात चिमूटभर तांदूळ टाकायचे, अलीकडं पाचशेचं नाणं. रात्रीच्या गस्तीची माणसं गोळा करत जातात. त्यातनं रस्त्याचे दिवे, आजाऱ्याला मदत, गटाराचं झाकण. इबू मला भाड्याच्या दिवसाची आठवण कधी करायची नाही, पण डबा रिकामा राहिला की सकाळी दारात उभी. मीपण गस्तीला बसलो. पहाटे दोनला लाकडी ठोकळा वाजवत फिरायचं आणि मग पत्ते.

एक चूक सांगतो. शेजारचं म्हातारं माणूस गेलं. माझी रात्रपाळी झालेली, मी झोपलो, मातीला गेलो नाही. कुणी काही बोललं नाही. पण पुढं महिनाभर माझ्या दारावरनं जाताना कुणी थांबंना. शेवटी इबूनं सांगितलं, लग्नाला न्हाई गेलं तर चालतं, मयताला जावं लागतं. मी म्हटलं, आमच्या गावात हेच आहे, मीच विसरलो. तुमच्या त्या वीस गुंठ्यांचा बांध उद्या कुणी कोरला तर प्रमाणपत्र जिल्ह्याच्या कचेरीत राहील. बांधावर उभा राहणार आहे तो एर-ते आणि शेजारी. तेव्हा तीन आठवडे त्यांच्यात बसा. पैसे पुढच्या वर्षी दिले तरी खाचर कुठं पळत नाही. पळालं तर ते आपलं नव्हतंच म्हणा.

बाजार आठवड्याचा नसतो, पाच दिवसांचा. लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. आज सोमवारी भरला तर पुढं शनिवारी. मला हे पाठ व्हायला वर्ष गेलं.

संध्याकाळी रानात फिरायची तुम्हाला सवय असंल. अंधार पडल्यावर अनोळखी बांधावरनं चालू नका. उंदरांसाठी काही जण तारंत वीज सोडतात. पलीकडं स्रागेनच्या बाजूला माणसं गेलीत त्यात. आपल्याकडं रानडुकरांच्या तारा आहेत तसंच.

प्रवास सोपा आहे. मुंबईहून जकार्ताला थेट विमान आहे. तिथनं रेल्वेनं योग्याकार्ता, साताठ तास, खिडकीतनं सगळी खाचरंच. योग्याकार्ता ते सोलो लोकल आहे, २०२१ ला सुरू झाली, भाडं आठ हजार रुपिया. ऐकून घाबरू नका, आपले पन्नास रुपये पण होत नाहीत. ती क्लातेनला थांबते. व्हिसा उतरल्यावर मिळतो, पाच लाख रुपिया, तीस दिवसांचा. ऑगस्ट बेस. कोरडा हंगाम, रात्री गारवा. १७ तारखेला त्यांचा स्वातंत्र्यदिन, गल्लीगल्लीत कमानी आणि तेल लावलेल्या खांबावर चढायची शर्यत. दहीहंडी बघणाऱ्या माणसाला करमणूक आहे. ईदच्या आसपास मात्र कधी जाऊ नका. सगळा जावा गावाकडं निघालेला असतो, गणपतीला कोकणात जाणाऱ्यांची गर्दी त्यापुढं काहीच नाही.

ऊस संशोधक नाही, नुसता शेतकरी

विषय जमिनीचा आहे, पण एक सांगू का काका? तुमचं जावाशी नातं लेकीच्या आधीचं आहे. आपले वडील-आजे ज्या ४१९ उसाच्या गोष्टी सांगायचे, तो को ४१९ कोइमतूरला तयार झाला, पण त्याचा एक पालक जावाचा, पीओजे २८७८. पूर्व जावातल्या पासुरुआनच्या केंद्रात डच लोकांनी १९२१ ला काढलेला. आता आपल्याकडं ८६०३२ च दिसतो, तरी ४१९ चं नाव काढलं की म्हाताऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं.

सूतगिरणीवाला (इचलकरंजी)

हे मला माहीत नव्हतं! आणि काका, गूळ न्या. त्यांच्या भाषेत गूळ-साखर दोन्हीला 'गुला' म्हणतात, शब्द आपल्याच संस्कृत गुडावरनं गेलेला. पण त्यांचा गूळ नारळाच्या नीरेचा. माणूस सकाळ-संध्याकाळ झाडावर चढून नीरा उतरवतो, आंबू नये म्हणून भांड्यात चुना घालतो, मग बायका चुलीवर आटवतात आणि करवंटीत ओततात. झाडावरनं पडून लंगडी झालेली माणसं वाडीवाडीला. तुमच्या व्याह्यांना उसाचा गूळ आणि भेंडीच्या पाण्यानं काढलेली मळी समजावून सांगा. दोन तास भाषा लागणार नाही. विमानतळावर कस्टमच्या फॉर्मात खाण्याचं काय आहे ते लिहा, लपवू नका.

दूधगंगाकाठ (ता. कागल)

सगळ्यांचे आभार. रात्री लेकीला फोन केला. करार झाल्याशिवाय पैसे नाहीत म्हणालो. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, बाबा, त्यानं नोटरी कवाच बघून ठेवलाय, मलाच तुम्हाला सांगायचा धीर होईना. शेजाऱ्याला भावंडं सहा निघाली. एक कुठं आहे ते कुणालाच माहीत नाही. तवा खाचर तूर्त बाजूला. तिकिटं मात्र काढली.

आता आमच्या घरचीचा प्रश्न. तीन आठवडे भाताशिवाय काही मिळत नाही म्हणून ती पाच किलो ज्वारीचं पीठ बांधतीय. तिकडं भाकरी थापता येईल का? तवा मिळतो का?

सूतगिरणीवाला (इचलकरंजी)

काकूंना सांगा, दोन किलो बास. चूल आहे, परात नसंल तर मोठं घमेलं मिळंल. पण तवा इथनंच न्या, बिडाचा नको, पत्र्याचा. तिकडं खोलगट कढयाच जास्त, मी सात वर्षं त्यातच भाकरी भाजायचा प्रयत्न केला. आणि पहिल्या दिवशी करू नका. सगळी वाडी बघायला येती आणि प्रत्येकाला एक द्यावी लागती.